भोर-वेल्ह्याच्या कला-इतिहासाची साधने

भोरचा राजवाडा, नसरापूरचे बनेश्वर, आंबवड्याचे नागेश्वर मंदिर, रोहिड्याच्या दरवाजावरची हत्तीची मस्तके, राजगडाच्या बालेकिल्ल्याचा महादरवाजा, तोरण्यावरचे मेंगाईचे देऊळ आणि गावोगाव पारावर टेकवून ठेवलेले वीरगळ, हे सगळे कला-इतिहासाच्या कक्षेत येते. मात्र कोणत्याही ग्रंथालयातले 'कला' असे लिहिलेले कपाट उघडले, तर यांपैकी एकाचेही नाव क्वचितच सापडते. तिथे अजिंठा, वेरूळ, राजपूत आणि मोगल चित्रे, मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून बाहेर पडलेले चित्रकार एवढे असते. पुणे जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या या दोन तालुक्यांवर कलेच्या अंगाने लिहिलेले स्वतंत्र ग्रंथ फार थोडे आहेत. म्हणून साधने नाहीत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ती जमाखर्चाच्या कागदांत, इनामांच्या सनदांत, जत्रांच्या तक्त्यांत आणि किल्ल्यांच्या प्रवासवर्णनांत विखुरली आहेत. या भागाचा अभ्यास करणाऱ्याचे अर्धे काम ती कुठल्या कपाटात असतील याचा अंदाज बांधण्याचे असते.

सुरुवात विषय लहान करण्यापासून होते. 'भोरची कला' हा विषय घेऊन ग्रंथपालासमोर उभे राहिले तर त्यालाही काही सुचत नाही. 'राजवाड्याच्या दिवाणखान्यातले लाकडी खांब व महिरपी', 'बनेश्वराची घंटा', 'हिरडस मावळातले वीरगळ' असे काही सांगितले की त्याचा हात आपोआप योग्य फळीकडे जातो. विषयाबरोबर काळ ठरवणेही आवश्यक आहे, कारण काळ बदलला की दफ्तर बदलते. आदिलशाही अंमल, शिवकाळ, पेशवाई, संस्थानी राजवट आणि 1948 नंतरचा काळ यांची कागदपत्रे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लिपींत आणि वेगवेगळ्या कालगणनांत आहेत.

त्यानंतर नावे. इथे पुष्कळांची गाडी अडते. भोर हे पंत सचिवांचे संस्थान आजच्या भोर तालुक्याएवढे नव्हते. त्याचे विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, पवनमावळ आणि सुधागड असे पाच तालुके होते, आणि त्यांतला सुधागड घाटाखाली कोकणात होता. पालीच्या बल्लाळेश्वराचा प्रदेश असा भोरच्या कागदांत येतो. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. ज्याला हे माहीत नाही तो सूचीत 'वेल्हे' शोधत बसतो आणि रिकाम्या हाताने परततो. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मान्यता दिली. त्यामुळे यापुढचे साहित्य 'राजगड तालुका' या शीर्षकाखाली जाईल, आणि तो राजगड म्हणजे संस्थानी काळातला राजगड तालुका नव्हे, हेही लक्षात ठेवावे लागेल. जुन्या इंग्रजी पुस्तकांत सचिव, तोरणा, रोहिडा यांची वर्णलेखने इतकी तऱ्हेवाईक आहेत की संगणकाच्या सूचीत एकाच नावाचे चार-पाच अवतार टाकून पाहावे लागतात. शोध सुरू करण्यापूर्वी अशा सगळ्या नावांची एक यादी वहीच्या पहिल्या पानावर करून ठेवणारा अभ्यासक पुढचे कितीतरी दिवस वाचवतो.

पहिले वाचन संदर्भग्रंथांचे. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश, पं. महादेवशास्त्री जोशी यांचा दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश आणि चित्रकार-शिल्पकारांसाठी सुहास बहुळकर व दीपक घारे यांनी संपादित केलेला 'शिल्पकार चरित्रकोशा'चा दृश्यकला खंड हे बहुतेक तालुका आणि जिल्हा ग्रंथालयांत मिळतात. नोंदीत दिलेली माहिती तर घ्यावीच, पण नोंदीच्या शेवटी दिलेली संदर्भसूची अधिक मोलाची असते. मूर्ती ओळखायची असेल तर ग. ह. खरे यांचे 'मूर्तिविज्ञान' अजूनही हाताशी असावे असे पुस्तक आहे. खऱ्यांचेच 'संशोधकाचा मित्र' हे पुस्तक कालगणना, मापे, परिभाषा अशा अडचणींसाठी आहे, आणि ज्याने कधी दफ्तर उघडले नाही त्याने ते आधी चाळावे.

यानंतर गॅझेटियर. 1885 मध्ये छापलेला मुंबई इलाख्याचा पुणे खंड तीन भागांत आहे आणि प्रत्येक विद्यार्थी प्रथम त्याच्याकडेच धावतो. भोरच्या बाबतीत इथे एक मेख आहे. त्या वेळी भोर हे संस्थान होते, साताऱ्याच्या जहागिरींपैकी एक. ब्रिटिश तालुक्यातले प्रत्येक देऊळ, प्रत्येक बाजार ज्या बारकाईने त्या खंडात टिपला गेला, त्या बारकाईची अपेक्षा संस्थानी मुलखाबद्दल ठेवता येत नाही. म्हणून त्याच्या जोडीला सातारा खंड पाहावा लागतो, आणि विलीनीकरणानंतर 1954 मध्ये निघालेले पुणे जिल्ह्याचे सुधारित गॅझेटियरही. 'इम्पीरियल गॅझेटियर'मध्ये भोर संस्थानावर वेगळी नोंद आहे, पण ती क्षेत्रफळ, उत्पन्न आणि घराण्याच्या हकिकतीपुरती. प्राचीन अवशेषांसाठी जेम्स बर्जेस यांनी 1885 मध्ये केलेली आणि हेन्री कझिन्स यांनी 1897 मध्ये सुधारलेली मुंबई इलाख्याची यादी, तसेच कझिन्स यांचाच 1931 चा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा ग्रंथ पाहण्याजोगा आहे. यांत भोर-वेल्ह्याला मिळालेली जागा थोडीच, पण शेजारच्या मुलखातील मंदिरांशी तुलना करताना हे ग्रंथ टाळता येत नाहीत. पुरातत्त्व खात्याची ही जुनी प्रकाशने आता संगणकावर फुकट वाचता येतात.

एका साधनाकडे कला-इतिहासाचे विद्यार्थी हमखास दुर्लक्ष करतात. 1961 च्या जनगणनेच्या वेळी महाराष्ट्रातील जत्रा-उत्सवांवर स्वतंत्र खंड निघाला, आणि हस्तव्यवसायांवरही. जनगणनेची पुस्तके अर्थशास्त्राच्या कपाटात ठेवलेली असल्याने कोणी ती कलेसाठी उघडत नाही. कोणत्या गावी कोणत्या देवाची जत्रा, कोणत्या तिथीला, ही माहिती तिथे तालुकावार मिळते, आणि नकाशावर नसलेली देवळे त्यातून कळतात. डोंगराळ वेल्ह्यासाठी तर ही यादी हाती घेऊनच गावे फिरावीत.

कपाटांचा हा प्रश्न थोडा तपशिलाने पाहायला हवा. मोठ्या ग्रंथालयांत दशांश वर्गीकरण वापरतात. त्यात भारतीय कला 709.54 ला, धार्मिक वास्तू 726 ला, वाडे-राजवाडे 728.8 ला आणि लाकडावरचे कोरीवकाम 736.4 ला येते. मात्र किल्ला युद्धशास्त्राचा मानला तर 623.1 ला जातो, इतिहासाचा मानला तर 954.792 ला आणि भटकंतीचा मानला तर प्रवासाच्या विभागात. त्यामुळे चिं. गं. गोगटे यांची किल्ल्यांची जुनी पुस्तके, गो. नी. दांडेकरांचे 'दुर्गदर्शन', प्र. के. घाणेकरांची भटकंतीची पुस्तके आणि म. श्री. माटे यांचा मराठा वास्तुकलेवरचा ग्रंथ ही एकाच राजगडावरची माहिती देणारी पुस्तके एका ग्रंथालयात चार खोल्यांत असू शकतात. प्रवासवर्णन म्हणून ज्या पुस्तकाकडे तुच्छतेने पाहिले जाते, त्यात पन्नास वर्षांपूर्वी उभी असलेली आणि आज पडलेली भिंत नोंदलेली असते. वास्तूच्या अभ्यासकाला हा साक्षीदार फार उपयोगी. लहान सार्वजनिक वाचनालयांत दशांश वर्गीकरण नसते. तिथे दाखल नोंदवही आणि ग्रंथपालाची स्मरणशक्ती हीच सूची. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळवणाऱ्या अशा वाचनालयांत स्थानिक स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, देवस्थानांच्या माहितीपुस्तिका जपलेल्या असतात. या पुस्तिकांतली ऐतिहासिक विधाने तपासून घ्यावी लागतात, परंतु त्यांतली छायाचित्रे आणि जीर्णोद्धाराच्या देणगीदारांच्या याद्या दुसरीकडे कुठेच नसतात. भोरमध्ये महाविद्यालयाचे ग्रंथालयही आहे, त्यामुळे पहिली फेरी पुण्याऐवजी तिथे मारणे सोयीचे.

पुण्याला मात्र जावेच लागते. माटे यांचा 'मराठा आर्किटेक्चर' हा 1650 ते 1850 या काळावरचा ग्रंथ पुणे विद्यापीठाने 1959 मध्ये काढला. वाड्यांचे चौक, सोपे, खांब आणि देवळांची शिखरे यांच्याविषयी पद्धतशीर बोलायचे तर आजही आरंभ तिथूनच होतो. गो. बं. देगलूरकर यांचा महाराष्ट्रातील मंदिरवास्तू व शिल्पांवरचा ग्रंथ त्याआधीच्या काळासाठी. डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात पुरातत्त्वाचे अप्रकाशित प्रबंध आहेत आणि 1939 पासूनची तिथली पत्रिका. साताऱ्यात द. ब. पारसनीस यांनी जमवलेला ऐतिहासिक संग्रह त्याच वर्षी डेक्कन कॉलेजात आला, त्यात कागदपत्रांबरोबर चित्रेही होती. सचिव हे साताऱ्याच्या छत्रपतींचे प्रधान, हे ध्यानात घेतले की भोरच्या अभ्यासकाने हा संग्रह का पाहावा ते वेगळे सांगायला नको. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (स्थापना 1917) हे पोथ्यांसाठी, विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय इंग्रजी नियतकालिकांसाठी आणि 'मार्ग'च्या अंकांसाठी. नवे प्रबंध 'शोधगंगा'वर घरबसल्या वाचता येतात. त्यांचा दर्जा अतिशय असमान आहे, तरीही त्यांच्या संदर्भसूचीत एखादी अनपेक्षित वाट सापडते.

भारत इतिहास संशोधक मंडळाची गोष्ट स्वतंत्र. वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी 1910 मध्ये ते स्थापन केले. मंडळाचे त्रैमासिक, 'शिवचरित्र साहित्या'चे खंड आणि राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे बावीस खंड यांत मावळातल्या देशमुख घराण्यांचे कागद छापले आहेत. कारीच्या जेधे घराण्याची शकावली लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये मंडळामार्फत प्रसिद्ध केली, ती याच भोर तालुक्यातली. जेधे, बांदल, खोपडे यांच्या वतनाच्या भांडणांतून कोणते देऊळ कोणाचे, पालखीचा पहिला मान कोणाचा, देवाला तेलवातीची जमीन कोणी दिली, हे उलगडते. शिल्पाची शैली पाहून काळ ठरवणाऱ्याला अशा एका महजराने (निवाड्याच्या कागदाने) आधार मिळतो किंवा त्याचा अंदाज पूर्ण कोलमडतो. मंडळात चित्रे, नाणी, शिल्पे यांचाही संग्रह आहे, त्यामुळे कागद वाचून वर जाऊन वस्तू पाहता येते. ही सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

पुणे पुराभिलेखागार, म्हणजे लोकांच्या तोंडचे पेशवे दफ्तर, हा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत कष्टाचा साठा. गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात त्यातील निवडक कागद 45 भागांत छापले. छापील भागांना सूची आहे, म्हणून तिथून आरंभ करावा. पण सरदेसायांची निवड राजकारणाच्या दृष्टीने झालेली होती. सुताराची मजुरी आणि चितारीचा रोज त्यांना महत्त्वाचा वाटला नाही, आणि कला-इतिहासाला नेमका तोच हवा असतो. तो रुमालांत बांधून पडला आहे. तिथे 'शिल्प' किंवा 'चित्र' असा शब्द शोधू नये. इमारत, कारखाना, पाथरवट, बेलदार, गवंडी, सुतार, चितारी, लोहार, चुना, सागवान हे शब्द शोधावेत. देवळासाठी देवस्थान, इनाम, नंदादीप, नगारखाना. याच पुराभिलेखागारात सातारा महाराजांचे दफ्तरही आहे आणि सचिवांचा साताऱ्याशी झालेला व्यवहार तिथे पाहता येतो.

हे कागद मोडीत आहेत. मोडी काही महिन्यांच्या सरावाने वाचता येते. छापील वळणाचे धडे वाचणे सोपे आणि कारकुनी हाताचा कागद वाचणे अवघड, एवढा फरक मनात ठेवला की निराशा होत नाही. कालगणना हा दुसरा अडथळा. शकात 78 मिळवले की साधारण इसवी सन येतो. मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होणाऱ्या सुहूर सनात 599, फसलीत 590 आणि राज्याभिषेक शकात 1673 मिळवावे लागतात. वर्षाच्या उत्तरार्धातला, म्हणजे जानेवारीनंतरचा कागद असेल तर आणखी एक. नेमकी तारीख हवी असल्यास जंत्री उघडण्याला पर्याय नाही. रोहिड्याच्या वरच्या दरवाजावर मराठी आणि फारसी असे दोन शिलालेख आहेत आणि ते मोहम्मद आदिलशहाच्या काळातले आहेत. असा लेख अभ्यासताना दोन्ही वाचने शेजारी ठेवून, दोन्ही कालगणना वेगवेगळ्या सोडवून मगच वर्ष लिहावे. एकाने केलेली चूक दुसऱ्या पुस्तकात, तिथून तिसऱ्यात आणि अखेर फलकावर जाते, असे या क्षेत्रात वारंवार घडते.

साधने एकमेकांना कशी जोडायची, याचे चांगले उदाहरण बनेश्वराच्या घंटेत मिळते. नसरापूरजवळचे हे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये बांधले. मंदिरातल्या घंटेवर क्रूस आहे आणि 1683 हे साल. घंटा मंदिरापेक्षा सहासष्ट वर्षांनी जुनी आणि उघडच एखाद्या चर्चमधली. आता ग्रंथालयात जायचे ते कशासाठी? मंदिराच्या बाजूने पाहिले तर पेशवे दफ्तर आणि माट्यांचा ग्रंथ. घंटेच्या बाजूने पाहिले तर 1739 ची चिमाजी अप्पांची वसई मोहीम, जिची पत्रे सरदेसायांच्या छापील भागांत आहेत. खुद्द वसईच्या चर्चांसाठी जे. गर्सन द कुन्हा यांचे चौल आणि वसईच्या पुरावशेषांवरचे 1876 चे पुस्तक. पोर्तुगीज कागदांसाठी गोव्याचे पुराभिलेखागार, आणि पोर्तुगीज येत नसेल तर पांडुरंग पिसुर्लेकर यांचे 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हे पुणे विद्यापीठाने काढलेले मराठी पुस्तक. पुढे तुलनेसाठी नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरची 1721 ची घंटा आणि मेणवली व भीमाशंकर इथल्या घंटा. मात्र या सगळ्या घंटा वसईच्याच, असे पुस्तकात वाचले तरी ते प्रत्येक घंटेपुरते सिद्ध करावे लागते. कोणत्या चर्चची, हे तर त्याहून पुढचे. भोर तालुक्यातल्या एका देवळापासून निघालेला शोध पणजीपर्यंत पोचतो, आणि वाटेत एकदाही त्याला कलेच्या कपाटापाशी थांबावे लागत नाही.

राजवाड्याचे उदाहरण उलट्या प्रकारचे आहे. चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे हा वाडा महाराष्ट्रभर पाहिलेला आहे, आणि 1869 हे त्याचे साल जिथे तिथे छापलेले दिसते. परंतु एवढ्या मोठ्या वाड्याला एकच साल देणे म्हणजे पायाभरणीचे की वास्तुशांतीचे, जुन्या भागाचे की नव्या दिवाणखान्याचे, हे प्रश्न गुंडाळून ठेवणे होय. 1848 मध्ये सातारा खालसा झाल्यावर भोर इंग्रजांच्या थेट मांडलिकीत आले, तेव्हा बांधकामाचा माग दोन ठिकाणी काढावा लागतो. एक, संस्थानचे स्वतःचे जमाखर्च आणि वार्षिक कारभाराचे अहवाल. या अहवालांत सार्वजनिक बांधकामाचा वेगळा मजकूर असतो. दुसरे, मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारातले राजकीय खात्याचे दप्तर. त्याच्या जोडीला 'ज्ञानप्रकाश' (1849) आणि 'केसरी' (1881) यांचे जुने अंक, कारण संस्थानिकाकडचे लग्न, मुंज, दरबार यांच्या बातम्यांत वाड्याचे वर्णन ओघात येऊन जाते. पेशवाई चौकांची मांडणी आणि विलायती धाटणीच्या कमानी-खांबांची जोड हे एकोणिसाव्या शतकातल्या संस्थानी वाड्यांचे वैशिष्ट्य. त्यासाठी तुलना शेजारच्या संस्थानांशी करावी. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उघडलेले संग्रहालय आणि तिथला ग्रंथसंग्रह त्या दृष्टीने जवळचा. सुट्या झालेल्या कोरीव दारे-चौकटी, छते, दिवे पाहण्यासाठी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय.

किल्ल्यांपैकी राजगडाची साधने अलीकडे वाढली आहेत. 2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत राजगड आहे. या नामांकनासाठी तयार झालेला दस्तऐवज, नकाशे आणि मोजणीसह, जागतिक वारसा केंद्राच्या संकेतस्थळावर वाचता येतो. राजगड राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली असल्याने त्या विभागाकडे जतनाच्या कामांचे कागद असतात आणि रीतसर अर्ज करून ते मागता येतात. तोरणा त्या यादीत नाही. त्याच्यासाठी जुनीच पुस्तके, आणि जेम्स डग्लस यांच्यासारख्या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज भटक्यांचे लेखन.

छायाचित्रांना पुस्तकांइतकेच मोल द्यावे. गुरुग्रामच्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा छायाचित्रसंग्रह आणि ब्रिटिश लायब्ररीतले जुने पुरातत्त्वीय फोटो संकेतस्थळांवर शोधता येतात. भोर-वेल्ह्याचे फोटो कमी मिळतील. शेजारच्या वाई, सासवड, पुणे इथल्या समकालीन वास्तूंचे भरपूर मिळतात आणि महिरपीची वळणे, खांबांच्या बैठका, शिखरांची घडण यांची तुलना त्यांवरून होते. गावात घराघरांतून असलेले फोटो, पोथ्या, दुरुस्तीची बिले हाही साठाच आहे. तो पाहण्यासाठी गुरव, पुजारी, देवस्थानचे विश्वस्त यांच्याशी आधी बोलावे, कागद घराबाहेर नेऊ नये, जागेवरच नक्कल करावी किंवा परवानगीने फोटो घ्यावा.

नोंद ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लागते. पुस्तकाची आवृत्ती, वर्ष आणि पान, त्रैमासिकाचा वर्ष-अंक, दफ्तरातला रुमाल आणि कागदाचा क्रमांक, फोटोचा दिनांक आणि तो कोणत्या दिशेने घेतला ते, हे सारे त्याच वेळी लिहावे. रुमालाचा क्रमांक न टिपलेला उतारा पुन्हा तपासता येत नाही, आणि तपासता न येणारा पुरावा प्रबंधात घालता येत नाही. सनद किंवा महजर उतरवताना मूळ कागदातले साल जसेच्या तसे लिहून इसवी सन त्याच्या शेजारी कंसात द्यावा, म्हणजे गणितात चूक झाली तर पुढच्या वाचकाला ती दुरुस्त करता येते.